पर्वरी, ६ एप्रिल १९८६: सत्यघटनेच्या मालिकेचा एक भाग उभा करताना ठेवलेल्या नोंदी

मराठी मालिका, एक भाग साधारण ४४ मिनिटांचा. अर्धा भाग मुलाखती आणि कागदपत्रं, अर्धा नाट्यरूपांतर. पहिल्या भागाचा विषय: परदेशी पर्यटकांच्या खुनांचे आरोप असलेल्या आणि दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळालेल्या चार्ल्स शोभराजला मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमध्ये पकडलं, ती अटक. गोव्यात असं काम करू पाहणाऱ्या छोट्या युनिटना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. इतिहास थोडक्यात आहे, कामाचे तपशील जास्त आहेत.

२५ सप्टेंबर २०२५

पटकथा नेहमीच्या पद्धतीनं लिहिली नाही. चार रकान्यांचा तक्ता केला: दृश्य क्रमांक, पडद्यावर काय दिसतं, ते कुठून आलं, खात्री किती. खात्रीच्या रकान्यात तीनच रंग. कोर्टाचा कागद किंवा त्या वेळची छापील बातमी असेल तर हिरवा. एकाच माणसाच्या सांगण्यावर उभं असेल तर पिवळा. आधार नसेल तर तांबडा. नियम असा की शूटिंगला निघताना तक्त्यात तांबडी ओळ उरता कामा नये.

पहिल्या खर्ड्यात जवळपास निम्म्या ओळी तांबड्या निघाल्या. घटना खोटी होती म्हणून नव्हे. १६ मार्च १९८६ ला गुंगीचं औषध घातलेली मिठाई पहारेकऱ्यांना खायला घालून तिहारमधून पलायन, ६ एप्रिलला पर्वरीत अटक, झेंडे यांनीच १९७१ मध्ये मुंबईत त्याला एकदा पकडलेलं असणं, हे सगळं हिरवं. तांबडं होतं ते लेखकानं भरलेलं: तो कुठल्या खुर्चीत बसला, काय मागवलं, चेहऱ्यावर काय भाव होते. हे भरल्याशिवाय दृश्य होत नाही असं वाटतं, आणि नाट्यरूपांतर घसरतं ते नेमकं इथंच.

पळण्यामागच्या हेतूचं वेगळं पान केलं. थायलंडच्या वॉरंटची वीस वर्षांची मुदत भारतातल्या तुरुंगातच संपावी म्हणून तो मुद्दाम पळाला आणि मुद्दाम सापडला, असं सर्रास सांगितलं जातं. हा तर्क आहे. मुलाखतीत एखादा जाणकार ‘माझ्या मते’ म्हणून बोलला तर ठेवायचा. नाट्यरूपांतरात त्याची एकही फ्रेम नको, कारण नटाचा चेहरा ‘सापडायला तयार’ दिसला की प्रेक्षकाच्या मनात तो तर्क पुरावा होऊन बसतो.

३ ऑक्टोबर

वकिलांकडे तक्ता वाचून घेतला. या प्रकारच्या कामाला लागू पडणाऱ्या गोष्टी:

आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू (१९९४) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जी गोष्ट कोर्टाच्या नोंदीसह सार्वजनिक नोंदीत आली आहे, ती संबंधिताच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येते. म्हणून निकालपत्राची प्रमाणित नक्कल हाताशी असणं हाच पहिला बचाव. नक्कल मिळायला वेळ लागतो. अर्ज सर्वात आधी टाकावा, पटकथा नंतर लिहावी.

त्याच निकालात अपवादही आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करता येत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याचं कलम ७४. नाव लपवून गाव, घराचा दर्शनी भाग किंवा शाळेचा गणवेश दाखवला तरी ओळख उघड होतेच. आमच्या भागात असं प्रकरण नाही, पण मालिकेच्या पुढच्या भागांसाठी हे पटकथालेखकाच्या टेबलावर चिकटवून ठेवलंय.

निवेदनातले शब्द बदलले. ‘इतके खून केले’ असं मोघम वाक्य काढलं. नेपाळच्या कोर्टानं २००४ मध्ये दोषी ठरवलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सुटका झाली, इतकंच ठेवलं. जिथं शिक्षा झाली तिथं ‘शिक्षा’, जिथं खटला चालला नाही तिथं ‘आरोप’. त्याला चिकटवलेली टोपणनावं कुठंही नाहीत. ज्यांचे जीव गेले त्यांच्यासाठी ती नावं शिवीसारखीच आहेत.

१४ ऑक्टोबर

लोकेशन. मूळ जागी नाट्यरूपांतर करायचं नाही असं ठरलं. एक तर पर्वरीच्या महामार्गावर उन्नत मार्गाचं काम चालू आहे. दिवसा यंत्रं, रात्री डंपर. बाहेरचं दृश्य आणि आवाज दोन्ही हातचे गेले. दुसरं, त्या रेस्टॉरंटमध्ये शोभराजचा पुतळा बसवलेला आहे आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. ती गोष्ट आजची आहे, माहितीपटाच्या भागात येईल. १९८६ च्या दृश्यात ती शिरली तर सगळंच दंतकथा होऊन जाईल.

बार्देशात साळगावच्या बाजूला एक जुनं घर मिळालं: मंगळुरी कौलं, पुढं बालकांव (दारापुढची बसायची ओसरी), लाल कोब्याची जमीन, मागं माडांची बाग आणि खासगी वाट. वाट खासगी असणं फार महत्त्वाचं, कारण पुढं गाड्यांच्या नंबरप्लेटचा प्रश्न येणार आहे. भाडं रात्रीचे १५,००० रुपये. घरमालकांशी लेखी ठरवलं: भिंतीला खिळा नाही, कोब्यावर स्टँडचे उघडे पाय नाहीत. टेनिस बॉल चिरून प्रत्येक पायाला लावायचा.

परवानग्या: गोव्यात शूटिंगसाठी गोवा मनोरंजन संस्थेकडे अर्ज करायचा. शिवाय पंचायतीला पत्र आणि स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र. ठाण्याच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्या: पोलीस गणवेशातले नट किती, नकली पिस्तुलं किती, आणि धावपळीचं दृश्य कोणत्या वेळेत. फसवण्याच्या हेतूनं गणवेश घालणं गुन्हा आहे; अभिनयासाठी घालणं नाही. पण गणवेशातला नट कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेला की गोंधळ उडतोच. सेटबाहेर जाताना वरून शर्ट घालायचा, असा नियम केला. झेंडे यांची तुकडी साध्या वेषात होती, त्यामुळं आमच्याकडं गणवेश दोनच लागले.

२९ ऑक्टोबर

वस्तूंची यादी. १९८६ चं गोवा म्हटलं की लोक विंटेज दुकानात धावतात. खरं काम नको त्या वस्तू काढण्याचं आहे.

नोटा: ५०० ची नोट ऑक्टोबर १९८७ मध्ये आली. म्हणजे एप्रिल १९८६ च्या बिलात ती असूच शकत नाही. गांधीजींच्या मालिकेतल्या नोटा १९९६ च्या. जुन्या १०० आणि २० च्या नोटा नाणी-नोटा जमवणाऱ्याकडून भाड्यानं घेतल्या. छापून घ्यायचा विचार कुणीही करू नये. चलनी नोटेसारखं दिसणारं काही छापणं हाच गुन्हा आहे.

नंबरप्लेट: त्या वेळी गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश. घटकराज्य ३० मे १९८७ ला झालं. ‘जीए’ ही अक्षरं १९८९ नंतरची, आधी ‘जीडी’नं सुरू होणारे नंबर. खासगी गाडीची पाटी काळी, अक्षरं पांढरी. टॅक्सीची पांढरी पाटी, काळी अक्षरं. पाट्या सनबोर्डवर रंगवून दुहेरी टेपनं खऱ्या पाटीवर लावल्या, आणि त्या फक्त खासगी वाटेवर. सार्वजनिक रस्त्यावर खोटी पाटी लावून दहा मीटरही गाडी नेऊ नये. पहिल्या चाचणीत बोनेटच्या उष्णतेनं टेप सुटली. नंतर पाटीच्या मागं पातळ चुंबकी पत्रा लावला, तो टिकला.

काढलेल्या गोष्टी: प्लास्टिकच्या साच्यातल्या खुर्च्या, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, पांढरे मॉड्युलर स्विच, एलईडी ट्यूब, छतावरची डिश, वीजमीटरची नवी पेटी. आणलेल्या: वेताच्या खुर्च्या, लाकडी क्रेट, जाड काचेचे पेले, काळे गोल खटके, डायल फिरवायचा काळा फोन. एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम, काउंटरवर हुर्राकच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) लेबल नसलेल्या बाटल्या शोभल्या असत्या. पण शूटिंग जानेवारीत, तेव्हा हुर्राक कुठून मिळणार? बाटल्यांत पाणी भरलं.

गाड्या: एक अ‍ॅम्बेसेडर, एक येझदी, एक बुलेट. पायलटची (मोटरसायकलवरून भाडं नेणाऱ्याची) पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल मागं उभी असली की गोवा न सांगता कळतं. झेंडे यांच्या तुकडीनं ती वापरली असं मात्र कुठं दाखवलं नाही.

८ नोव्हेंबर

कॅमेरा चाचणी. मुलाखत आणि नाट्यरूपांतर यांचं रूप वेगळं दिसलं पाहिजे, पण फिल्टर मारून पिवळट केलेलं नको. सेपिया रंग म्हणजे ‘हे जुनं आहे, म्हणून खरं आहे’ असं सुचवणं.

मुलाखती: आधुनिक ५० आणि ८५ मिमी भिंगं, कॅमेरा स्टँडवर, नजर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला. नाट्यरूपांतर: जुनं ५८ मिमी रशियन भिंग अडॅप्टरवर, कॅमेरा हातात, उंची छातीच्या खाली. आरोपीचा चेहरा कधीच पूर्ण नाही: टोपी, मान, हात. नियम सोपा आणि कडक. याच नियमामुळं आम्हाला शोभराजसारखा दिसणारा नट शोधावा लागला नाही, आणि त्याला देखणा करून दाखवायचा मोहही आपोआप टळला.

वेग सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५० मध्ये बरोबर दोन आवर्तनं बसतात, पट्टे येत नाहीत. टोपी पडण्याचं दृश्य संथ हवं म्हणून १०० फ्रेमवर घेऊन पाहिलं, तर मागच्या दिव्यांचा उजेड श्वास घेतल्यासारखा वरखाली. ५० फ्रेम आणि १/१०० वर उतरलो, प्रश्न मिटला. त्याहून संथ हवं असेल तर फ्रेममधला प्रत्येक दिवा बॅटरीवर चालणारा, फ्लिकर न करणारा हवा.

२१ नोव्हेंबर

इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू. २० ते २८ नोव्हेंबर पणजीत भाड्याचा लाइट, मॉनिटर, खोली, माणूस, काही मिळत नाही, मिळालं तर दीडपट दरानं. या आठवड्यात शूटिंग लावूच नये. हा वेळ पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात घालवला, जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या फायली चाळत.

ग्रंथालयात पान पाहायला मिळणं आणि ते पडद्यावर दाखवायला मिळणं या दोन निराळ्या गोष्टी. बातमीचा आणि फोटोचा हक्क वृत्तपत्राकडं असतो. प्रकाशनापासून ६० वर्षं हा हिशेब धरला तर १९८६ चं पान अजून बरंच दूर आहे. लेखी परवानगी मागितली. ती येईपर्यंत संकलनात त्या जागी राखाडी पाटी ठेवली. पान तात्पुरतं टाकून पुढं गेलं की ते तसंच राहून जातं.

तारखेची एक गोष्ट पंचांगानं सोडवली. ६ एप्रिल १९८६ रविवार. ९ एप्रिलला अमावस्या, १० ला गुढीपाडवा. म्हणजे अटकेच्या रात्री आकाशात चंद्र नाही. पहाटे उगवला असेल तो कोर. लाइटवाल्यांना रात्र म्हटली की झाडांमागून निळं चांदणं टाकायची सवय असते. तक्त्यात हिरव्या अक्षरात लिहिलं: चांदणं नाही.

५ डिसेंबर

मुलाखतींचं चित्रीकरण. निवृत्त पोलीस अधिकारी, त्या काळचे एक वार्ताहर, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या एक बाई. या शेवटच्या मुलाखतीचं मोल मोठं. त्या रेस्टॉरंटमधून परदेशी फोन लावता येत असे, म्हणून तिथं पाळत ठेवली, असं झेंडे सांगतात. आजच्या पंचविशीतल्या प्रेक्षकाला यातलं काहीच कळत नाही. ट्रंक कॉल नोंदवायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लायटनिंग ते सांगायचं, मग ऑपरेटरच्या घंटीची वाट पाहत बसायचं. बाईंनी हे हातांनी प्लगबोर्ड दाखवत सांगितलं. दोन मिनिटांत सगळं लख्ख कळलं. नाट्यरूपांतरातलं फोनचं अख्खं दृश्य मग कापून टाकलं, गरजच उरली नाही.

आवाजाच्या अडचणी. कावळे चालतात. चालत नाही तो पंखा आणि पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न. सकाळी आणि पुन्हा दुपारी उशिरा सायकलवरून ‘पों पों’ येतो, आणि नेमका महत्त्वाच्या वाक्यावर. पोदेर कधी येतो ते घरच्यांना आधी विचारून ठेवावं आणि त्या वेळी चहा घ्यावा. पंखा बंद केला की दहा मिनिटांत माणूस घामेजतो, शर्टाखालच्या लेपल माइकची टेप सुटते आणि कापड घासल्याचा खरखराट येतो. उपाय: मायक्रोपोर टेपचा त्रिकोण घडी करून माइकखाली, सुती बनियनवर, आणि पंधरा मिनिटांनी पंखा लावून विश्रांती. प्रत्येक खोलीत कुणी न बोलता एक मिनिट नुसता खोलीचा आवाज घ्यावा. संकलनात हे एक मिनिट सोन्याच्या भावाचं.

कोकणी बोलणाऱ्यांना मराठीत बोलायचा आग्रह केला नाही. खाली मराठी अक्षरं दिली. आठवण माणूस ज्या भाषेत जगला त्याच भाषेत नीट येते.

९ आणि १० जानेवारी २०२६

नाट्यरूपांतराच्या दोन रात्री. तारीख मुद्दाम तीन राजांच्या सणानंतरची (६ जानेवारी). नाताळाची नक्षत्रं (चांदणीच्या आकाराचे कंदील) तोवर घराघरांवर पेटलेली असतात आणि माडांच्या मागं लांबूनही चमकतात. तरी शेजारी दोन घरांवर होतीच. जाऊन विनंती केली, त्यांनी लगेच बंद केली.

चंद्र नाही म्हटल्यावर उजेड कुठून? फ्रेममध्ये दिसणारे ४० वॅटचे साधे बल्ब, आणि फ्रेमबाहेर माडावर उंच टांगलेला १०० वॅटचा बल्ब, रस्त्यावरच्या दिव्याचा भास देणारा. वाटेला पाणी मारलं नाही. एप्रिलमध्ये धूळ असते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) वर न्यावा लागला, चित्रात थोडे दाणे आले, ते ठेवले.

पहिल्या रात्री तीन तास गेले जनरेटरमुळं. गावची वीज रात्री दहानंतर खाली उतरली म्हणून जनरेटर लावला, तर फ्रेममध्ये वरून खाली सरकणारा पट्टा. भाड्याच्या जुन्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५० वर स्थिर राहत नव्हती, भार बदलला की ४८ ते ५२ हलत होती. मीटर लावून पाहिल्यावरच कळलं. बल्ब इन्व्हर्टर प्रकारच्या छोट्या जनरेटरवर घेतले, मोठ्यावर फक्त चार्जर आणि फॅन ठेवले. मोठा जनरेटर कॅमेऱ्यापासून ६० मीटर दूर, चिऱ्याच्या गडग्यामागं. भाड्यानं घेताना फ्रिक्वेन्सी मोजून घ्या, तोंडी भरवशावर आणू नका.

मध्यरात्रीनंतर दव. अ‍ॅम्बेसेडरच्या टपावर थेंब जमून बल्बात चमकायला लागले. एप्रिलच्या रात्रीत ते खटकतं. प्रत्येक टेकआधी शॅमीनं (मऊ चामड्याच्या फडक्यानं) पुसणं, हे काम एका माणसाला नेमून दिलं. याउलट नटांच्या अंगावर एप्रिलचा घाम नव्हता. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं, फवाऱ्यानं, फक्त मानेवर आणि काखेजवळ. कपाळावर मारलं की ते रडल्यासारखं दिसतं. भिंगं एसी खोलीत ठेवली होती. बाहेर आणताच काचेवर बाष्प. पिशवी बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्यावी, मग उघडावी.

दृश्य असं: दोन माणसं टॅक्सीतून उतरतात, डोक्यावर उन्हाळी टोप्या. रात्री उन्हाची टोपी कशाला, हे खटकलं असं झेंडे यांनी मुलाखतींतून सांगितलंय. तक्त्यात पिवळी ओळ, कारण एकाच माणसाचं सांगणं. म्हणून कॅमेरा झेंड्यांच्या जागी बसवला: खुर्चीच्या उंचीवर, समोर पेला, पेल्यापलीकडं दार. प्रेक्षकाला तेवढंच दिसतं जेवढं तिथं बसलेल्याला दिसलं असतं. प्रत्यक्ष झटापटीबद्दल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं वाचायला मिळतं. कोण कुठून झेपावलं हे न ठरवता फक्त हात, उलटलेली खुर्ची आणि जमिनीवरची टोपी घेतली. संवाद नाही. नाटकात काम करणाऱ्या नटांना हे जड जातं. गोव्यात मराठी रंगभूमीचे उत्तम नट आहेत, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय हातातही उतरलेली असते. ‘काही करू नका, फक्त असा’ हे समजावण्यात तालमीचा सगळा वेळ गेला.

१८ जानेवारी

नदीचं दृश्य. एप्रिल १९८६ मध्ये मांडवीवर पणजीला एकच पूल होता, आणि तोही त्याच वर्षी ५ जुलैला कोसळला. आज तिथं तीन पूल उभे आहेत, अटल सेतू २०१९ चा, आणि पाण्यात कॅसिनोची जहाजं. संगणकावर पुसून काढायचा खर्च विचारला, तो आमच्या आवाक्याबाहेरचा. दिवाडी फेरीच्या बाजूला गेलो. तीच मांडवी, काठाला खारफुटी, पूल नाही. फेरीवर कॅमेरा लावायला नदी परिवहन खात्याची परवानगी लागते.

फेरीत आरोपीच्या टोपीचा नट बसवायची सूचना आली होती. तो फेरीनं फिरला याला आधार नाही. दृश्य नुसतं स्थळचित्र म्हणून ठेवलं, माणसांविना. ड्रोन मुद्दाम वापरला नाही. आकाशातून कुणी पाहिलंच नव्हतं.

७ फेब्रुवारी

रफ कट गावच्या वाचनालयाच्या खोलीत दाखवला. वीसेक माणसं, बहुतेक पन्नाशीपुढची. कागदावर दोनच प्रश्न: काय खरं वाटलं, काय कळलं नाही.

एका आजोबांनी विचारलं, “तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवायचा, ती त्याची सवय होती का? पोलिसांनी त्यावरून ओळखलं?” आणखी चौघांनी कागदावर तेच लिहिलं होतं.

ही गोष्ट पटकथेत नव्हती, तक्त्यात नव्हती. दुसऱ्या रात्री पाचव्या टेकला नटानं वाट पाहताना आपसूक केलेली हालचाल. सुंदर दिसत होती म्हणून संकलनात दोनदा आली. दोनदा आली म्हणजे ती खूण झाली, आणि खूण झाली म्हणजे पुरावा झाला. वर ‘नाट्यरूपांतर’ ही पाटी होती, दृश्याच्या सुरुवातीला चार सेकंद. कुणाच्या लक्षात नाही. बोलता बोलता कळलं की काहींनी ते खरंखुरं जुनं चित्रीकरण समजून पाहिलं.

या खोलीतल्या दोन तासांनी भाग वाचवला. सत्यघटनेवर काम करणाऱ्यांनी रंग, आवाज काही लावायच्या आधी, कच्चा कट अनोळखी माणसांना दाखवावाच. युनिटमधल्या कुणालाही ही चूक दिसत नाही, कारण युनिटला नट माहीत असतो.

१२ फेब्रुवारी

दुरुस्त्या.

पाटी आता नाट्यरूपांतराच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत राहते. उजव्या खालच्या कोपऱ्यात, चारही बाजूंनी पाच टक्के आत. उंची आधी फ्रेमच्या अडीच टक्के होती, फोनवर वाचता येत नव्हती. चार टक्के केली. पांढरी अक्षरं, मागं काळी पारदर्शक पट्टी, कारण बल्बाच्या उजेडावर पांढरं हरवतं.

संकलनाच्या टाइमलाइनवर तक्त्यातलेच रंग लावले. प्रत्येक तुकड्याला हिरवा किंवा पिवळा, नावात दृश्य क्रमांक. पिवळ्या दृश्याआधी ज्याचं सांगणं आहे त्याचा आवाज किंवा निवेदनात त्याचं नाव आलंच पाहिजे: ‘झेंडे सांगतात’. वाक्य रुक्ष होतं, होऊ दे. अभिनयातल्या हालचालींनाही आता तक्त्यात ओळ आहे. आधार नसलेली आणि लक्ष वेधणारी हालचाल कितीही छान असली तरी बाहेर.

पेल्याचे दोन्ही शॉट काढले. त्या जागी भरायला काही नव्हतं म्हणून अर्धी रात्र पुन्हा शूट: रिकामी खुर्ची, दार, टेबलावर ठेवलेली टोपी. सेट उतरवताना काळे खटके परत गेले होते, ते पुन्हा मागवावे लागले. सेटमधल्या छोट्या वस्तू अंतिम कट होईपर्यंत परत करू नयेत. भाडं थोडं वाढतं, पण शोधाशोध वाचते.

२० फेब्रुवारी

आवाज. मुलाखतीत खोलीचा खरा आवाज, नाट्यरूपांतरात तो पूर्ण बंद करून फक्त फोली (नंतर वेगळे करून घेतलेले आवाज): खुर्ची, पावलं, रातकिडे. कान आधी ओळखतो की आता जग बदललं, डोळे पाटी नंतर वाचतात. ही युक्ती आधी सुचली असती तर पुन्हा शूटिंग कदाचित वाचलं असतं. संगीत फक्त जोडणीच्या जागी. अटकेच्या दृश्यावर एकही सूर नाही.

माडांच्या बागेत रात्री घेतलेला रातकिड्यांचा आवाज वापरता आला नाही, मागं महामार्गाचा गुंजारव होता. पहाटे साडेतीनला नव्यानं घेतला.

२ मार्च

हिशेब, रुपयांत. नाट्यरूपांतराच्या दोन रात्री: घर ३०,०००, कॅमेरा आणि भिंगं २२,०००, लाइट, जनरेटर, डिझेल ३६,०००, गाड्या १४,०००, वस्तू २६,५००, नट ३८,०००, जेवण २१,०००, कपडे आणि मेकअप १७,५००. बेरीज २,०५,०००. पुन्हा केलेली अर्धी रात्र ३१,०००. मुलाखती ५४,०००. संकलन, आवाज, रंग १,१६,५००. वकील २५,०००. एकूण ४,३१,५००. दिग्दर्शन, लेखन, संशोधन यांचं मानधन यात धरलेलं नाही.

वकिलांचे २५,००० बऱ्याच युनिटना जास्त वाटतील. तो पैसा पटकथेच्या पहिल्या वाचनाला द्यावा, तयार कट दाखवायला नव्हे. तयार कटमधलं वाक्य काढायला तिप्पट खर्च येतो.

६ मार्च

वाहिनीला दिलेलं: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, आवाज -२३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप), पाटीसह एक प्रत आणि पाटीविना एक, पाटीविना प्रतीवर करारातच अट की ती परदेशी भाषेतली पाटी चढवल्याशिवाय दाखवायची नाही. तुकडे कापून जाहिरातीत वापरले तरी पाटी राहिली पाहिजे, हेही लेखी. सोबत रंगीत तक्ता, प्रमाणित नकला, परवानगीची पत्रं, मुलाखत दिलेल्यांच्या सह्या, सगळं एका फायलीत दृश्य क्रमांकानुसार. कुणी आक्षेप घेतला तर दृश्य शोधून त्याचा आधार दहा मिनिटांत काढता यावा, इतकी ती फाइल नीट लावलेली असावी.

वृत्तपत्राच्या एका पानाची परवानगी अजून आलेली नाही. ती राखाडी पाटी १९ व्या मिनिटाला तशीच आहे. १५ मार्चपर्यंत उत्तर आलं नाही तर त्या जागी निवेदन आणि कोरी फ्रेम जाईल.